सात मिलिमीटरचा मोह

अंगावर दडवून बाळगायच्या पिस्तुलाची निवड हा विषय अमेरिकेत गेली दहा-बारा वर्षे ज्या पद्धतीने मांडला जात आहे, त्यात एक मत इतके रुळले आहे की ते केवळ मत आहे याचाच विसर पडावा. पोलिसाच्या कमरेला मोठे पिस्तूल, घरातल्या तिजोरीत मध्यम आकाराचे आणि सामान्य नागरिकाच्या सदऱ्याखाली सडपातळ, अशी ही वाटणी आहे. तिच्यानुसार जाडी जितकी कमी तितके शस्त्र बाळगण्यास अधिक योग्य ठरते, आणि ज्याला कॉम्पॅक्ट म्हणतात त्या रुंद मुठीच्या पिस्तुलाचा आग्रह धरणारा माणूस हौशी किंवा हट्टी समजला जातो. हे मत चुकीचे आहे. बाळगणाऱ्याची सोय हाच निवडीचा पहिला निकष मानल्यामुळे ते मुळातच भरकटते, कारण झाडलेली गोळी जिथे जाऊन थांबते तिथे ज्याचा या भांडणाशी काहीही संबंध नाही असे कोणीतरी उभे असू शकते, आणि त्या तिऱ्हाइताचा विचार या वाटणीत कुठेच येत नाही.

वादातले शब्द आधी नीट लावून घ्यायला हवेत, कारण निम्मा घोटाळा शब्दांतच आहे. कॉम्पॅक्ट म्हणजे लष्करी किंवा पोलिसी आकाराच्या पिस्तुलाची नळी आणि मूठ थोडी आखूड करून घडवलेले पिस्तूल; त्याच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या काडतुसांच्या पेटीत, काडतुसे एकाआड एक अशी दुहेरी रांगेत बसतात, त्यामुळे मूठ रुंद होते, पण तिच्यात पंधराच्या आसपास काडतुसे मावतात. ऑस्ट्रियन लष्करासाठी घडवलेल्या ग्लॉक १७ची आखूड आवृत्ती म्हणून १९८८ मध्ये आलेले ग्लॉक १९ हे या वर्गाचे सर्वमान्य उदाहरण होय. सडपातळ किंवा स्लिम पिस्तुलात काडतुसे एकेरी रांगेत रचलेली असतात, म्हणून मूठ पातळ राहते आणि काडतुसांची संख्या घटते. २०१२ चे स्मिथ अँड वेसन कंपनीचे शील्ड आणि २०१५ चे सहा काडतुसांचे ग्लॉक ४३ ही त्याची उदाहरणे. या दोन वर्गांमधली भिंत २०१८ च्या आरंभी सिग सावर कंपनीच्या पी३६५ ने बरीचशी पाडली, कारण त्याच्या मॅगझिनमधली रांग तळाशी दुहेरी असून वर जाता जाता एकेरी होते, आणि त्यामुळे सुमारे एक इंच जाडीच्या पिस्तुलात दहा काडतुसे बसू लागली. पाचव्या पिढीच्या ग्लॉक १९ची एकूण जाडी ३४ मिलिमीटर आणि ग्लॉक ४३ची २७ मिलिमीटर आहे. ज्या फरकावर एवढा मोठा बाजार आणि एवढा मोठा वाद उभा आहे तो सात मिलिमीटरचा आहे.

सडपातळपणा हा काही नवा शोध नाही, ही गोष्ट त्याचे पुरस्कर्ते क्वचितच सांगतात. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेले १९०३ चे कोल्ट कंपनीचे खिशातले पिस्तूल किंवा १९३१ चे जर्मन बनावटीचे वाल्थर पीपीके ही दोन्ही पातळ होती आणि कोटाखाली सहज दडत असत. पण ती ०.३२ बोअरच्या काडतुसासाठी घडवली होती, आणि त्या काडतुसाची ऊर्जा आजच्या ९ मिलिमीटरच्या काडतुसाच्या निम्म्याहूनही कमी असते. (भारतात परवान्यावर नागरिकाला मिळू शकणारे पिस्तूल बहुधा याच ०.३२ बोअरचे असते आणि ९ मिलिमीटर हा भारतीय कायद्याने निषिद्ध बोअर आहे, त्यामुळे मराठी वाचकाला या दोन काडतुसांमधले अंतर केवळ कायद्यातून ठाऊक असते, हाताला नव्हे.) शिवाय ते जुने कोल्ट पोलादाचे होते आणि रिकामे असतानाही त्याचे वजन साडेसहाशे ग्रॅमहून अधिक भरे. म्हणजे जुन्या पातळ पिस्तुलात दुबळे काडतूस आणि जड धातू यांची जोडी होती, तर आजच्या पातळ पिस्तुलात जोरकस काडतूस आणि सुमारे पाचशे ग्रॅमचे प्लॅस्टिकच्या सांगाड्याचे शस्त्र यांची जोडी आहे. परंपरेचा दाखला देऊन सडपातळपणाचे समर्थन करणारे या बदललेल्या जोडीकडे दुर्लक्ष करतात.

ही जोडी जुळली ती नेमबाजीच्या गरजेतून नाही. सप्टेंबर १९९४ ते सप्टेंबर २००४ या दहा वर्षांत अमेरिकेच्या संघीय कायद्याने नव्या मॅगझिनवर दहा काडतुसांची मर्यादा घातली होती. दहाच काडतुसे द्यायची असतील तर शस्त्र मोठे कशाला ठेवायचे, असा विचार कारखानदारांनी केला आणि लहान पिस्तुलांची लाट आली. दुसरीकडे १९८७ मध्ये फ्लॉरिडाने पात्र अर्जदाराला परवाना द्यायलाच हवा असा कायदा केल्यानंतर एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली, दडवून बाळगण्यास पूर्ण बंदी असलेले शेवटचे राज्य इलिनॉय हेही २०१३ मध्ये सामील झाले, जून २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची विशेष कारण दाखवण्याची अट घटनाबाह्य ठरवली, आणि आज निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याशिवायही पिस्तूल दडवून बाळगता येते. अशा रीतीने लाखो नवे ग्राहक दुकानात आले. यांतल्या अनेकांनी पूर्वी पिस्तूल हाताळलेले नव्हते, आणि दुकानाच्या काउंटरवर उभे राहून कोणालाही तपासता येण्यासारख्या गोष्टी दोनच, जाडी आणि वजन. धक्का तिथे कळत नाही, चापावरचे बोट चुकते आहे हे तिथे दिसत नाही. पातळ पिस्तूल काउंटरवर जिंकते, कारण ती परीक्षा त्याच्याच सोयीची असते.

आता दडवण्याच्या प्रश्नाकडे येऊ, कारण सडपातळ पक्षाचा मुख्य दावा तिथेच आहे. पिस्तुलाला तीन मापे असतात, लांबी, उंची आणि जाडी, आणि कपड्यांखाली ही तिन्ही मापे सारखी वागत नाहीत. लांबी म्हणजे नळीची दिशा. पिस्तूल पँटच्या आत, पट्ट्याच्या मागे अडकवले की नळी खाली जाते आणि ती किती लांब आहे हे बाहेरून कोणाला कळत नाही. उंची म्हणजे मुठीच्या तळापासून माथ्यापर्यंतचे अंतर. मूठ पट्ट्याच्या वर राहते आणि शरीराशी काटकोन करून मागे किंवा बाजूला झुकते, म्हणून सदऱ्यावर उमटते ती हीच. ज्याला अमेरिकेत प्रिंटिंग म्हणतात, म्हणजे कपड्यातून शस्त्राचा आकार दिसणे, ते बहुतांशी मुठीच्या तळाच्या कोपऱ्यामुळे होते. जाडीचा संबंध मुख्यतः बाळगणाऱ्याला काय टोचते याच्याशी असतो. पाहणाऱ्याला तिचा पत्ता लागतोच असे नाही. ग्लॉक ४८ हे २०१९ चे सडपातळ पिस्तूल या दृष्टीने फार बोलके आहे: त्याची उंची १२८ मिलिमीटर, म्हणजे ग्लॉक १९ इतकीच आहे आणि त्याची नळी ग्लॉक १९ पेक्षा किंचित लांबच आहे. जे माप उघडे पडते ते तेवढेच ठेवून जे माप मुळात दिसतच नव्हते ते घटवायचे आणि मग त्याला दडवण्याची सोय म्हणायचे, हा युक्तिवाद तपासणीत टिकत नाही.

आणखी एक गोष्ट नवशिक्याला उलटी वाटते, पण ती यंत्रशास्त्राच्या साध्या नियमातून निघते. आखूड नळीच्या पिस्तुलाचे बहुतेक वजन पट्ट्याच्या वर राहते. खाली तोलून धरणारे काही नसल्याने मूठ बाहेरच्या बाजूला कलते आणि सदऱ्याला उचलते. नळी लांब असेल तर पट्टा हा टेकू आणि नळी ही तरफेची खालची भुजा बनते, आणि शरीराचा दाब नळीला बाहेर ढकलतो तसा मुठीला आत ओढतो. चांगले होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, बनवणारे कारागीर याच तत्त्वावर नळीच्या टोकाशी आतल्या बाजूला पाचर बसवतात आणि चापाच्या बाजूला एक पंजा काढतात, जो पट्ट्याच्या मागच्या अंगाला टेकून मुठीला पोटाकडे वळवतो. अशा होल्स्टरमध्ये, दीड इंच रुंदीच्या ताठ पट्ट्यावर, ग्लॉक १९ साध्या सुती सदऱ्याखाली दडते. मऊ पट्ट्यावर आणि कापडी होल्स्टरमध्ये ग्लॉक ४३सुद्धा दडत नाही. म्हणून पिस्तूल जड वाटते, टोचते, खाली ओघळते अशा ज्या तक्रारी ऐकून लोक पातळ पिस्तुलाकडे वळतात, त्यांचे उत्तर पुष्कळदा पट्ट्याच्या दुकानात असते. होल्स्टरचे दुसरे काम याहून गंभीर आहे: चापाभोवतीची कमान पूर्णपणे झाकणे, म्हणजे कपड्याची गाठ किंवा बोट चापाला लागून गोळी सुटणार नाही. पोटाच्या पुढच्या बाजूला बाळगताना नळीचे तोंड मांडीच्या मोठ्या रोहिणीकडे असते, म्हणून या कामात कसूर चालत नाही.

प्रतिपक्षाचे सर्वांत लाडके वाक्य असे आहे की घरी राहिलेल्या मोठ्या पिस्तुलापेक्षा अंगावर असलेले लहान पिस्तूल बरे. हे वाक्य खरे आहे, पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो त्यात नाही. अंगावर असलेले पिस्तूल बरे, एवढ्यावरून पातळ पिस्तूलच अंगावर राहील असे ठरत नाही. आणि हाच तर्क पुढे नेला तर ग्लॉक ४३ पेक्षा खिशातले ०.३८० चे पिस्तूल बरे, त्यापेक्षा किल्ल्यांच्या जुडग्यासारखे ०.२२ चे पिस्तूल बरे, असे म्हणावे लागते. ज्या तर्काला थांबायची जागा नाही तो निवडीचा निकष होऊ शकत नाही. थांबायची जागा दुसरीकडून यायला हवी, आणि ती जागा म्हणजे तो माणूस ते शस्त्र घाबरलेल्या अवस्थेत, घाईत, एकामागून एक नेमक्या ठिकाणी झाडू शकतो का हा प्रश्न. त्या प्रश्नाचे उत्तर मुठीत आणि वजनात आहे.

हिशेब असा आहे. ९ मिलिमीटरची नेहमीची गोळी सुमारे ८ ग्रॅमची असते आणि सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने निघते. तिला आणि जळलेल्या दारूच्या वायूंना पुढे जो संवेग मिळतो तेवढाच पिस्तुलाला मागे मिळतो. हा संवेग पिस्तूल कोणतेही असले तरी जवळपास सारखाच राहतो, पण हातावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा पिस्तुलाच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. रिकामे ग्लॉक १९ सुमारे ६७० ग्रॅमचे आणि रिकामे ग्लॉक ४३ सुमारे ५१० ग्रॅमचे आहे; एका काडतुसाचे वजन सुमारे १२ ग्रॅम धरले तर पंधरा काडतुसांसह पहिले ८५० ग्रॅमच्या आणि सहा काडतुसांसह दुसरे ५८० ग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे पहिल्या गोळीला सडपातळ पिस्तुलाचा धक्का जवळजवळ दीडपट असतो. आखूड नळीमुळे गोळीचा वेग थोडा घटतो हे जमेस धरले तरी तो सव्वापटीच्या वरच राहतो. हा धक्का रुंद मूठ तळव्यावर पसरवते, पातळ मूठ तोच धक्का अंगठ्याच्या बेचक्यातल्या अरुंद पट्टीवर आणते. मूठ आखूडही असेल तर करंगळीला जागा राहत नाही, आणि नळी वर उसळू न देण्याचे बरेचसे काम ज्या बोटांनी करायचे त्यांतले एक बोट हवेत लोंबकळते.

याच्या जोडीला चाप येतो. या वर्गातल्या पिस्तुलांचा चाप ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो, म्हणजे अर्धा किलो वजनाच्या वस्तूवर तिच्या पाचपट जोर एका बोटाने लावायचा आणि तरीही ती वस्तू एका बाजूला ढळू द्यायची नाही. वस्तू जितकी हलकी आणि पातळ तितका हा जोर तिला वळवतो. उजव्या हाताच्या नवशिक्याच्या गोळ्या लक्ष्याच्या खाली डावीकडे जातात त्यामागचे कारण बहुधा हेच असते. न्यूयॉर्क पोलिसांनी अपघात टाळण्यासाठी आपल्या पिस्तुलांना साडेपाच किलोच्या आसपासचा चाप बसवला होता. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर एका मारेकऱ्यावर दोन पोलिसांनी १६ गोळ्या झाडल्या तेव्हा तो माणूस मेला, पण रस्त्यावरचे नऊ लोक पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या उडालेल्या तुकड्यांनी जखमी झाले. अंतर फार थोडे होते, हातांत पोलिसी पिस्तुले होती आणि झाडणारे प्रशिक्षित होते. रँड या संशोधन संस्थेने २००८ मध्ये याच पोलीस दलाविषयी जो अहवाल दिला, त्यानुसार १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या गोळ्यांपैकी सुमारे १८ टक्केच लक्ष्याला लागल्या होत्या, आणि समोरून गोळीबार नसतानाही हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासच होते. या आकड्यांतून सडपातळ पिस्तूल वाईट असे थेट सिद्ध होत नाही, आणि तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण मोठी मूठ आणि नियमित सराव असलेल्या माणसाच्या दहांतल्या सात-आठ गोळ्या जर दुसरीकडे जात असतील, तर वर्षातून दोनदा सरावाला जाणाऱ्या नागरिकाच्या हातात मुद्दाम धरायला अवघड शस्त्र देणे हा त्या रस्त्यावरच्या प्रत्येक माणसावर अन्याय आहे. बाळगणाऱ्याच्या कमरेला सात मिलिमीटरने जे सुख मिळते त्याची किंमत त्याने स्वतः चुकवलेली नसते.

इथे कॉम्पॅक्टच्या बाजूने जे दोन युक्तिवाद नेहमी केले जातात तेही सोडून द्यायला हवेत, कारण ते दुबळे आहेत आणि त्यांच्यामुळे चांगली बाजू हरते. पहिला असा की सडपातळ पिस्तुलाची नेम धरायची माशी आणि मागची खाच जवळ असल्याने ते मुळातच अचूक नसते. पुढची माशी आणि मागची खाच यांतले अंतर ग्लॉक १९ मध्ये साधारण १५ सेंटिमीटर आणि ग्लॉक ४३ मध्ये साधारण १३ सेंटिमीटर आहे. माशी खाचेत एक मिलिमीटरने सरकली तर सात मीटरवर पहिल्या पिस्तुलाची गोळी साधारण ४७ मिलिमीटर आणि दुसऱ्याची ५४ मिलिमीटर ढळते. हा फरक एका बोटाच्या रुंदीचाही नाही. शिकंज्यात घट्ट धरून झाडले तर दोन्ही पिस्तुले माणसाच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक अचूक असतात, आणि सडपातळ पक्ष हे दाखवून जिंकतो, कारण चूक यंत्रात शोधली गेली, जिथे ती नव्हती. दुसरा युक्तिवाद काडतुसांच्या संख्येचा. सामान्य नागरिकाला पंधरा काडतुसे लागतातच असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. पण तीन पावलांवर, तीन सेकंदांत, तीन गोळ्यांत सगळे आटोपते हे प्रतिपक्षाचे पाठांतरसुद्धा तितकेच निराधार आहे: अमेरिकेत नागरिक वर्षाला किती वेळा स्वसंरक्षणासाठी बंदूक वापरतात याचेच अंदाज, क्लेक आणि गर्ट्झ या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलेल्या पंचवीस लाखांपासून सरकारी गुन्हेपीडित सर्वेक्षणातून निघणाऱ्या एक लाखाहून कमी आकड्यापर्यंत विखुरलेले आहेत. जिथे घटनांची संख्याच ठरत नाही तिथे प्रत्येक घटनेत सरासरी किती गोळ्या लागल्या हे कोण कसे सांगणार, आणि सरासरी सांगितली तरी माणसावर ओढवते ती सरासरी नसते.

सडपातळ पक्षाच्या एका म्हणण्यात मात्र तथ्य आहे आणि ते आडवळणाने न सांगता मान्य करायला हवे. ज्यांचे हात लहान आहेत त्यांची तर्जनी दुहेरी रांगेची मूठ धरली की चापापर्यंत नीट पोहोचत नाही. मग ते पिस्तूल तळव्यात फिरवून घेतात आणि धक्का मनगटाच्या सरळ रेषेत येण्याऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येतो. अशा हातासाठी पातळ मूठ हीच योग्य मूठ होय, आणि तिथे कॉम्पॅक्टचा हट्ट धरणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा जोडा घालणे. पण या सत्याचा बाजाराने जो वापर केला तो क्षम्य नाही. दुकानात स्त्री आली की तिच्यापुढे सर्वांत लहान आणि सर्वांत हलके पिस्तूल ठेवण्याची पद्धत पडून गेली आहे, जणू लहान वस्तू लहान हाताला आपोआप सोपी असते. लहान आणि हलक्या पिस्तुलाचा धक्का सर्वांत तीव्र असतो. शिवाय त्याची स्लाइड, म्हणजे मागे ओढून काडतूस नळीत भरायचा वरचा सरकता भाग, हलकी असल्याने तिला थोपवायला ताठ स्प्रिंग लागते आणि ती ओढणे अशक्त मनगटाला फार जड जाते. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये सहज ओढता येईल अशा स्लाइडचे शील्ड ईझेड बाजारात आणले, तेव्हा ते जुन्या शील्डपेक्षा आकाराने मोठे आणि काडतुसाने सौम्य ठेवावे लागले, यातच बरेच काही आले. लहान हाताला पातळ मूठ हवी असते. आखूड मूठ आणि हलके शस्त्र त्याला हवे असते असे नाही.

न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा, आणि मराठी कुटुंबे अमेरिकेत जिथे जास्त संख्येने राहतात त्यांत ही दोन्ही राज्ये असल्याने इथल्या वाचकालाही त्याचा थेट उपयोग आहे. या दोन्ही राज्यांत नागरिकाला दहापेक्षा अधिक काडतुसांचे मॅगझिन वापरता येत नाही; ब्रुएन निकालानंतर दोन्हींत परवाना मिळणे पूर्वीपेक्षा सोपे झाले, पण ही मर्यादा राहिली. (एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई आहे आणि तिचे अपवाद फार थोडे आहेत, तेव्हा हा प्रश्न ग्रीन कार्डधारकांचा आणि नागरिकांचा आहे, आणि नव्याने आलेल्यांनी दुकानात पाऊल टाकण्याआधी हे जाणून घेणे त्यांच्या हिताचे आहे.) सडपातळ पक्ष इथे विचारतो की दहाच काडतुसे बाळगता येणार असतील तर पंधराची पेटी असलेली रुंद मूठ कशाला वागवायची. हा प्रश्न सरळ आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे: पाच काडतुसे कमी झाली तरी हाताची रुंदी, सांगाड्याचे वजन आणि करंगळीची जागा कायद्याने कमी होत नाही. उलट या दोन राज्यांत संख्येचा गोंधळ बाजूला पडल्याने कॉम्पॅक्टचे खरे गुण अधिक स्वच्छ दिसतात. तरीही ज्याच्या हाताला ग्लॉक ४८ किंवा तत्सम पूर्ण उंचीचे दहा काडतुसांचे पिस्तूल चांगले बसते, त्याने तिथे तेच घ्यावे. त्या माणसाने काहीच गमावलेले नाही, कारण त्याने जाडी सोडली पण मुठीची उंची राखली.

उंची राखणे किती आवश्यक आहे हे स्वतः बाजारानेच कबूल केले आहे. मूळ पी३६५ सुमारे १०९ मिलिमीटर उंचीचे होते आणि ते खरोखर दडत असे, कारण त्याने नेमके मुठीचेच माप घटवले होते. पण करंगळीला जागा नाही म्हणून लोकांनी मॅगझिनच्या तळाला वाढीव टोक बसवायला सुरुवात केली. २०१९ मध्ये पी३६५ एक्सएल हे बारा काडतुसांचे, अधिक उंच मुठीचे पिस्तूल आले, आणि २०२२ मध्ये पी३६५ एक्स-मॅक्रो हे सतरा काडतुसांचे, जवळपास ग्लॉक १९ च्या उंचीचे आणि सहाशे ग्रॅमच्या वरचे पिस्तूल आले. त्याच वर्षी स्प्रिंगफील्ड कंपनीचे हेलकॅट प्रो पंधरा काडतुसे घेऊन आले. चार वर्षांत सडपातळ पिस्तूल उंचीने, वजनाने आणि काडतुसांनी कॉम्पॅक्ट झाले. याला सडपातळ पक्ष आपला विजय मानतो. ज्या गोष्टी आधी अनावश्यक म्हणून काढून टाकल्या होत्या त्या एकेक करून परत लावाव्या लागल्या, तर तो विजय कोणत्या बाजूचा झाला हे वेगळे सांगायला नको. एक्स-मॅक्रोच्या वर्गात वाद खरोखर अरुंद होतो: उरतो तो पाच-सहा मिलिमीटर जाडीचा आणि साठ-सत्तर ग्रॅम वजनाचा फरक, आणि तिथे कोणाच्या हाताला काय बसते यावर दोन शहाणी माणसे वेगळा निर्णय घेऊ शकतात. मात्र पन्नास ग्रॅम इकडे किंवा तिकडे, हा निर्णय सदरा घालून आरशासमोर घेता येत नाही.

तो घ्यायचा तर सरावाच्या मैदानावर दोन्ही पिस्तुले भाड्याने मिळतात, आणि तिथे काय पाहायचे हेही ठरलेले असायला हवे. सात मीटरवर तळहाताएवढा कागद, प्रत्येक पिस्तुलाला पन्नास गोळ्या, पाच-पाचच्या हप्त्यांत, प्रत्येक हप्ता पाच सेकंदांच्या आत. घाई हवी, कारण सावकाश नेम धरला तर दोन्ही पिस्तुले सारखीच शहाणी दिसतात. पहिल्या दहा गोळ्यांना महत्त्व देऊ नये, तेव्हा हात ताजा असतो आणि मन सावध असते. चाळिसाव्या गोळीनंतर बेचका लाल झालेला असतो, पकड सैल होऊ लागते, पुढचा धक्का येण्याआधीच डोळा मिटू लागतो आणि मनगट खाली झुकू लागते. त्या वेळी कागद बदलावा, शेवटच्या दहा गोळ्या नव्या कागदावर झाडाव्यात आणि दोन्ही पिस्तुलांचे ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवून कागदाच्या बाहेर किती गोळ्या गेल्या तेवढेच मोजावे.